कानशीचे काम होणार नाही

माझ्या वडिलांचे सायकल दुरुस्तीचे दुकान आहे. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत एक गिऱ्हाईक गिअरची सायकल घेऊन आले. पुढच्या फोर्कच्या टोकांना, जिथे चाकाचा आस बसतो तिथे, दोन लहान उंचवटे होते. ते कानशीने घासून द्या, असे त्याचे म्हणणे. वडिलांनी साफ नकार दिला. गिऱ्हाईक गेले आणि मी वडिलांशी भांडलो.

वास्तविक त्या गिऱ्हाइकाची तक्रार खोटी नव्हती. आपल्या काळ्या सायकलीचे चाक पान्याने आवळलेल्या नटांवर राहते. या सायकलीत पोकळ आसातून एक सळई जाते. तिच्या एका टोकाला नट, दुसऱ्याला खटका. खटका उघडला की चाक हातात यावे, ही कल्पना. इटलीच्या तुल्लिओ काम्पान्योलोची गोष्ट सांगतात, की १९२७ सालच्या एका शर्यतीत थंडीने त्याची बोटे गारठली, चाकाचे नट सुटेनात आणि शर्यत हातची गेली; त्यातून त्याला हे सुचले. पुढे चाक निसटून पडलेल्यांनी अमेरिकेत कारखानदारांना कोर्टात खेचले, तेव्हा हे उंचवटे आले. तिकडे थट्टेने त्यांना ‘वकिलांचे ओठ’ म्हणतात. खटका सैल राहिला तरी चाक त्या ओठांत अडकून राहते. पण त्यामुळे दर वेळी नटही सोडावा लागतो, पुन्हा जुळवावा लागतो. मग झटपट ते काय राहिले?

मीही हेच म्हणत होतो. नंतर एकदा मित्राच्या अशा सायकलीवर घाट उतरलो. खाली आलो तर पुढचे चाक डुगडुगत होते. मीच सकाळी बसवले होते, आणि खटका नटासारखा गरगर फिरवून आवळला होता! तो दुमडून मिटायचा असतो. अर्ध्या वाटेपासून जोर लागला पाहिजे, तळहातावर वळ उठला पाहिजे. दुकानात वाढलेल्या मला हे ठाऊक नव्हते. त्या दिवशी मला ओठांनी धरले. (घरी हे सांगितलेले नाही, अंक घरी जाईल तेव्हा कळेलच.)

ओठ सगळ्यावर उपाय नाहीत. २०१५ साली ट्रेक कंपनीने अमेरिका व कॅनडात सुमारे दहा लाख सायकली परत बोलावल्या, कारण उघडा राहिलेला खटका पुढच्या डिस्क ब्रेकमध्ये अडकू शकत होता. तिथे खटका नीट मिटलेला हवा, दुसरे काही नाही. पण विकताना तो मिटून दाखवतो कोण?

आपल्या स्टँडवर अशा सायकली आता बऱ्याच दिसतात. ज्यांना शिकून घ्यायचे असेल त्यांनी रविवारी दुकानात यावे, पैसे पडणार नाहीत. कानस मात्र मागू नये.