मोकळा बाजार आणि बांधलेला कोयता

बाजाराला मोकळे सोडा, सरकारी नियम आणि कामगार संघटना या दोन बेड्या तोडा, म्हणजे सर्वांचे कल्याण होईल, हा उपदेश आज आपल्या धर्मग्रामांतील सुशिक्षितांच्याही तोंडी ऐकू येतो. अकलूजच्या उसाच्या फडात उभे राहून तो एकदा पारखून पाहावा.

येथे ऊस मोकळा नाही. त्याच्या किमान दराला १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाचे संरक्षण आहे. चौदा दिवसांत पैसे चुकते करण्याचे बंधन आहे. २०१८ साली साखरेलाही किमान विक्री दर मिळाला. मोकळा ठेवला आहे तो तोडणी मजूर, आणि तोही नावापुरता. बीड जिल्ह्यातून येणारे नवरा-बायकोचे जोडपे, ज्याला हिशेबात 'एक कोयता' म्हणतात, मुकादमाकडून आधीच उचल घेऊन आलेले असते. ती फिटेपर्यंत त्याला काम सोडता येत नाही. याला करारस्वातंत्र्य म्हणणे ही भुकेची थट्टा होय.

सरकारी निर्बंधांनी शेतकऱ्याचेही नुकसान केले, हा आक्षेप खोटा नाही. शरद जोशी यांनी तो हिरिरीने मांडला. परंतु खुल्या बाजाराच्या त्याच पुरस्कर्त्याला १९७९ मध्ये शेतकरी संघटना उभारावी लागली. अकलूजचा सहकारी साखर कारखानाही शेतकरी एकत्र आल्यामुळेच उभा राहिला. मग एकत्र येण्याचा जो हक्क ऊस पिकवणाऱ्याला, तो ऊस तोडणाऱ्याला का नसावा? जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली, ती बाजाराने आपणहून दिली नाही. संघटनांनी साखर संघाशी वाटाघाटी करून ती मिळवली.

पोप लिओ तेरावे यांनी १८९१ मध्ये 'रेरुम नोव्हारुम' या विश्वपत्रात कामगारांचा संघटनेचा हक्क मान्य केला, आणि केवळ उभयपक्षी संमतीने मजुरी न्याय्य ठरत नाही, असे बजावले. शंभर वर्षांनी पोप दुसरे जॉन पॉल यांनी बाजाराची उपयुक्तता मान्य केली. मात्र बाजारात न भागणाऱ्या मानवी गरजाही आहेत, याची जाणीव करून दिली. शेत कापणाऱ्यांची अडवलेली मजुरी देवाच्या कानी पोहोचते, हे तर संत याकोबाच्या पत्रापासून आपण ऐकत आलो आहोत.

आपल्यापैकी कोणाच्या शेतात ऊस असेल, कोणाच्या नसेल; चहात साखर मात्र प्रत्येकाच्या आहे. येत्या गळीत हंगामात मजुरांच्या कोप्यांवर जावे, उचल किती आणि हाती काय उरते ते विचारावे, आणि मगच कोणाचे स्वातंत्र्य धोक्यात आहे ते बोलावे.