भानामती कसली? हा तर मेंदूत साचलेला तांब्याचा अंश!

शाळेत जाणाऱ्या धडधाकट पोराचा हात थरथरू लागतो, अक्षर बिघडते, जीभ जड होते, लाळ गळते. मराठवाड्याच्या खेड्यांत अशा वेळी आजही कुजबुज सुरू होते ती भानामतीची, करणीची! मग देवऋषी, उतारे, गंडेदोरे आणि कर्ज. वैद्यकशास्त्र मात्र सांगते की, अशा पोराला विल्सनचा आजार तर नाही ना, हे आधी तपासा.

१९१२ साली किनियर विल्सन या डॉक्टरने या आजाराचे सविस्तर वर्णन केले. अन्नातून आलेले जादा तांबे यकृत पित्तावाटे बाहेर टाकते. आई आणि वडील दोघांकडूनही सदोष जनुक आले की हे काम बिघडते. तांबे यकृतात, पुढे मेंदूत साचते. अशा दांपत्याच्या प्रत्येक अपत्याला धोका चारात एक. मामा-आत्याच्या घरी सोयरीक करण्याच्या चालीने असे दांपत्य जुळण्याची शक्यता वाढते. म्हणूनच एका मुलाला आजार निघाला तर सर्व भावंडांची तपासणी झालीच पाहिजे.

या आजारावर औषध आहे. १९५६ पासून पेनिसिलामाइन माहीत आहे, जस्ताच्या गोळ्याही आहेत. त्या जन्मभर घ्याव्या लागतात. वेळेत सुरू केल्यास मेंदू वाचतो. उशीर झाल्यास झालेली हानी पूर्ण भरून निघेलच असे नाही. देवऋषीच्या दारात गेलेला प्रत्येक महिना पोराच्या मेंदूतून वजा होतो!

येडशीतून सोलापूर-धुळे महामार्ग जातो, गावाला रेल्वे आहे. परंतु निदान कोठे आहे? २०१८ साली हा जिल्हा देशाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत गेला. २०२१ साली केंद्राने दुर्मीळ आजारांचे धोरण आणले. त्यातील आजारांना नेमलेल्या केंद्रांत ५० लाखांपर्यंत मदत मिळते. मुंबईचे केईएम त्यांपैकी एक. पण रोजंदारी बुडवून येडशीचा शेतमजूर मुंबई गाठणार कोणाच्या भरवशावर? आजाराचा संशयच गावात कोणाला आला नाही, तर धोरण कागदावरच राहणार!

आमची मागणी साधी आहे. डोळ्यांच्या बुबुळाभोवतीचे तपकिरी कडे, रक्तातील सेरुलोप्लाझ्मिन आणि चोवीस तासांच्या लघवीतील तांबे, या तपासण्या जिल्ह्यातच मोफत व्हाव्यात. औषध खंड न पडता मिळावे. आशाताईंना ही लक्षणे शिकवावीत.

२०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे गुन्हा ठरवले. पण कायद्यामागे दवाखाना उभा नसेल, तर गरीब माणूस पुन्हा भगताकडेच जाईल. बांधवांनो, पोराचा हात थरथरला तर दवाखान्याची पायरी चढा, आणि तेथे तपासणी नसेल तर शासनाला जाब विचारा!