धरमपेठला नगरसेवकच नव्हता, तेव्हा महापालिका कोण चालवत होतं?

नागपूर महापालिकेच्या नगरसेवकांची मुदत ४ मार्च २०२२ला संपली. पुढची निवडणूक झाली थेट १५ जानेवारी २०२६ला. मधली जवळपास चार वर्षं धरमपेठसह शहरातल्या दहाही झोनमध्ये एकही नगरसेवक पदावर नव्हता.

मग कारभार कुणाकडे होता? प्रशासकाकडे, म्हणजे आयुक्तांकडेच. एरवी आयुक्त बजेट मांडतात. स्थायी समिती आणि सभागृह त्यावर प्रश्न विचारून मंजुरी देतात. या काळात मांडणारे आणि मंजूर करणारे एकच होते.

राज्यघटनेच्या कलम २४३-यूनुसार महापालिकेची मुदत पाच वर्षांची असते आणि ती संपण्याआधी निवडणूक व्हायला हवी. मग उशीर का झाला? ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचनेचे वाद कोर्टात अडकले. अखेर ६ मे २०२५ला सुप्रीम कोर्टाने निवडणुका घ्यायला सांगितलं.

टॅक्स आपण या काळातही भरत होतो. पण त्याचा हिशेब सभागृहात मागणारं कुणी नव्हतं. आयुक्तांना राज्य सरकार नेमतं, त्यांना आपण मत देऊन बदलू शकत नाही. नगरसेवकाला बदलू शकतो. म्हणूनच महापालिकेची निवडणूक वेळेवर होणं महत्त्वाचं आहे.