पेल्यांतील लिंबू आणि बागेंतील डोळा

कॅलिफोर्नियांत कित्येक घरांच्या परसांत मेयर लिंबाचें एखादें झाड असतें. संध्याकाळीं पाहुणे आले म्हणजे यजमान दोन फळें तोडून आणितो आणि मद्य, लिंबाचा रस व साखरेचा पाक बर्फाबरोबर हलवून, गाळून पाहुण्यांपुढें ठेवितो. अशा मिश्र पेयास तिकडे कॉकटेल म्हणतात. या पेयाशीं शेतकऱ्याचा काय संबंध, असें आमचे वाचक विचारतील. संबंध निकटचा आहे, असें आमचें मत आहे. कारण पेल्याची चव बागेंत ठरते, आणि नुसत्या चवीवर भुलल्यानें बागेचा घात कसा होतो, हेंही याच फळानें दाखविलें आहे.

हें लिंबू मूळ चीनचें. अमेरिकन कृषिखात्याचे वनस्पतिशोधक फ्रँक मेयर यांनीं तें १९०८ सालीं पेकिंगच्या परिसरांतून अमेरिकेस नेलें. चीनमध्यें तें शोभेसाठीं कुंडींत लावीत. महाळुंग, पपनस व संत्रा या तिन्हींचा अंश त्यांत आहे. साल पातळ व गुळगुळीत, पिकल्यावर नारिंगी छटेची, रस विपुल, आंबटपणा बाजारांतील पिवळ्या लेमनपेक्षां कमी. सालीच्या नाजूकपणामुळें तें दूरच्या प्रवासास टिकत नाहीं. म्हणूनच तें घरच्या झाडाचें फळ म्हणून प्रिय झालें.

त्याचा उपयोगही समजून करावा लागतो. साध्या लेमनचें पेय करितांना दोन भाग मद्यास पाऊण भाग रस व पाऊण भाग पाक घेतात. त्याच मापानें मेयरचें पेय केल्यास तें गुळमट होतें. पाक अर्ध्या भागावर आणावा, किंवा कागदी लिंबाचे चार थेंब त्यांत पिळावे. परंतु या फळाचा खरा गुण सालींत आहे. आंतील पांढरा भाग न येऊं देतां साल पातळ सोलावी, साखरेंत चुरून कांहीं तास ठेवावी, म्हणजे सालींतील सुगंधी तेल साखरेंत उतरतें. तीच साखर रसांत विरघळवून गाळून घ्यावी. मद्य वर्ज्य असलेल्या घरीं हा पाक सोड्यांत घातल्यास सुगंधांत तिळमात्र उणें पडत नाहीं.

असें गुणी फळ असल्यामुळें त्याचीं रोपें हातोहात पसरलीं. पुढें १९४० नंतरच्या दशकांत आढळून आलें कीं, यांपैकीं बहुतेक झाडें ट्रिस्टेझा नांवाच्या विषाणुरोगाचीं वाहक आहेत. झाड हिरवेंगार, फळांनीं लवलेलें, रोगाचें चिन्ह कोठेंही नाहीं; परंतु मावा कीड तेथून रोग उचलून शेजारच्या बागेंत नेऊं शके. याच रोगानें ब्राझीलमध्यें आंबट नारिंगाच्या खुंटावरील लाखों झाडें मेलीं होतीं. तेव्हां अमेरिकेंत मेयरचीं बहुतेक झाडें नष्ट करण्यांत आलीं. रोगमुक्त निवड हातीं आल्यावर कॅलिफोर्निया विद्यापीठानें ती १९७५ सालीं ‘इम्प्रूव्ह्ड मेयर’ या नांवानें प्रसृत केली, आणि मगच हें लिंबू पुन्हां मानानें लोकांच्या पेल्यांत आलें.

ही दूरदेशची गोष्ट म्हणून आम्हांस सोडतां येणार नाहीं. या रोगाची परीक्षा करावयाची झाल्यास संशयित झाडाचा डोळा कागदी लिंबाच्या रोपावर बांधतात. रोग असेल तर कोंवळ्या पानांच्या शिरा ठिकठिकाणीं फिकट, पारदर्शक दिसूं लागतात. म्हणजे जो रोग मेयर निमूटपणें अंगीं बाळगतें, तोच आपल्या कागदी लिंबास पीडितो. जंबेरी किंवा रंगपूर लिंबाच्या खुंटावरील संत्रा हा रोग पुष्कळ सोसतो. परंतु सोसणारें झाड निर्दोष असतेंच असें नाहीं.

कोणी म्हणतील, “शेजाऱ्याचें झाड वीस वर्षें डोळ्यांपुढें आहे, त्याचा डोळा घेण्यास काय हरकत?” मेयरच्या झाडांविषयींही लोक असेंच समजत होते. कोणी म्हणतील, तपासलेलें कलम महाग पडतें. तें महाग पडतें खरें. परंतु उभी बाग तोडावी लागणें त्याहून महाग पडतें.

नव्या जातीची हौस असावी. ती नसेल तर शेती पुढें जावयाची नाहीं. मात्र फळ चाखून डोळा घेऊं नये, मातृवृक्षाची तपासणी झाली आहे काय हें विचारून घ्यावा. नागपूरची केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था रोगमुक्त रोपें तयार करिते. जेथें मिळतील तेथून अशींच रोपें घ्यावीं. आणि ज्यांचीं मुलें परदेशीं आहेत, त्यांनीं नवलाईची डोळकाडी सामानांतून आणविण्याचा मोह टाळावा. परवान्यावांचून तसें करण्यास कायद्याची मनाई आहे, व ती योग्यच आहे. पिणाऱ्यानें चव पाहावी. लावणाऱ्यानें आधीं कूळ पाहावें.