शनिवार तेल्यांचा वार आणि आपला रविवार

कोकणात अलिबाग-पेणच्या परिसरात तेलाचे घाणे चालविणारा एक लहानसा समाज शनिवारी घाणा जुंपीत नसे. गावकऱ्यांनी त्यांना नाव दिले ‘शनिवार तेली’. हे लोक म्हणजे बेने इस्रायल, मराठी बोलणारे यहुदी. त्यांच्यापाशी प्रार्थनास्थळ नव्हते, धर्मग्रंथाचे अध्ययन उरले नव्हते. उरली होती मुलग्यांची सुंता, खाण्याचे काही निर्बंध, एक प्रार्थनावाक्य आणि हा शनिवार. एवढ्या खुणांवरून ते पुढे यहुदी म्हणून ओळखले गेले. १७९६ मध्ये मुंबईत त्यांचे पहिले सिनेगॉग उभे राहिले. तोवरच्या कित्येक पिढ्या या समाजाला सावरून धरण्यात आठवड्यातील एका वाराचा वाटा फार मोठा होता, असे इतिहासाचे विद्यार्थी म्हणून आम्हांस वाटते.

१९४८ मध्ये इस्रायल राष्ट्र अस्तित्वात आल्यानंतर यांतील बहुसंख्य कुटुंबे हळूहळू तिकडे गेली. काही वर्षांपूर्वी परभणी जिल्ह्यातील शेतकऱ्यांच्या अभ्यासदौऱ्याबरोबर आम्हांस त्या ठिबक सिंचनाच्या देशात जाण्याचा योग आला आणि नेगेव्ह वाळवंटातील दिमोना या गावी अशाच एका मराठी कुटुंबात शुक्रवारची सायंकाळ घालविता आली. त्यांचा शब्बाथ शुक्रवारी सूर्यास्ताला लागतो आणि शनिवारी चांदण्या दिसल्यावर संपतो. दुपार कलली तशी दुकाने मिटली, बसगाड्या थांबल्या. सूर्य मावळण्यापूर्वी घरातील आजींनी मेणबत्त्या लावल्या. त्यानंतर घरात विस्तव पेटवावयाचा नाही. नारळाच्या दुधातील माशांचे कालवण आधीच रांधून ठेवलेले. यजमानांनी द्राक्षरसाचा पेला हाती घेऊन प्रार्थना म्हटली, मुलांच्या मस्तकावर हात ठेवून आशीर्वाद दिला. नातवंडांचे मोबाइल दुसऱ्या खोलीत. तीन पिढ्या दोन तास एका मेजाभोवती बसल्या. आजी आम्हांला म्हणाल्या, “आज कुणाला घाई नाही हो, सावकाश जेवा.” आम्ही पडलो परभणीचे, नळाला पाणी आले की अर्ध्या ताटावरून उठणारे! या सगळ्यात पुरोहित कोठेही नव्हता, हे आम्हांस विशेष वाटले. घर हेच त्यांचे त्या रात्रीचे प्रार्थनास्थळ होते.

तथापि आम्ही या परंपरेचे आंधळे कौतुक करीत नाही. इतक्या निष्ठेने शनिवार पाळणाऱ्या याच समाजाच्या यहुदीपणाविषयी इस्रायलमधील धर्मपीठाने १९६० च्या दशकाच्या प्रारंभी शंका घेतली. इतर यहुद्यांशी विवाह करावयाचा तर पूर्वजांची चौकशी करावी, असा निर्देश निघाला. बेने इस्रायलांनी त्याविरुद्ध आंदोलन केले, तेव्हा १९६४ मध्ये तेथील संसदेने ते सर्वार्थाने यहुदी असल्याचे स्पष्ट केले. आणि याच समाजात कोकणात असताना ‘गोरे’ आणि ‘काळे’ असा भेद होता, गोऱ्यांना काळ्यांशी सोयरीक चालत नसे. जन्माची चौकशी करणारे लोक कोणत्या मातीत उगवत नाहीत? ते सर्व तेथेच सोडून यावे.

परधर्मीयांचा वार पाहून बौद्धांनी काय शिकावयाचे, असे कोणी विचारील. विनयपिटकातील महावग्गात याचे उत्तर आहे. अन्य पंथांचे परिव्राजक पक्षातील चतुर्दशी, पौर्णिमा-अमावास्या व अष्टमीस एकत्र जमतात, धम्मचर्चा करतात आणि लोक त्यांच्याकडे ओढले जातात, हे राजा बिंबिसाराने पाहिले. आपल्या भिक्षूंनीही असे जमावे, ही त्याची सूचना भगवंतांनी राजगृह येथे मान्य केली. आमचा उपोसथ अशा रीतीने इतरांकडे पाहून सुरू झाला. पुढचा भाग अधिक बोधक आहे: भिक्षू जमले, पण मुकाट बसून राहिले. लोक कुरकुरू लागले, तेव्हा भगवंतांनी त्या दिवशी धम्म सांगण्याची अनुज्ञा दिली. मुक्या मेळाव्याचा उपयोग नाही, हे तेव्हाच्या सामान्य माणसालाही कळत होते.

राहिला रविवार. तो आम्हांस कोणी दान दिलेला नाही. सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून गिरणी कामगारांची गाऱ्हाणी मांडली, सभा घेतल्या, आणि १८९० मध्ये मुंबईच्या गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. रविवारी विहारात जावे, हा बाबासाहेबांचा आग्रह सर्वश्रुत आहे. फुल्यांच्या अनुयायाने मिळविलेला वार आणि बाबासाहेबांनी सांगितलेला त्याचा उपयोग, असे हे दुहेरी धन आहे. आपल्या वस्त्यांत मात्र ते मालिकांत आणि मोबाइलात खर्च होते.

आमच्या निवासी शाळेत रविवार म्हणजे कपडे धुण्याचा दिवस. त्यात गैर काही नाही. स्वच्छतेवाचून शील कसले? परंतु येथील कित्येक मुलांचे आईवडील गंगाखेड, सोनपेठ, पाथरीकडून ऊसतोडीला जातात. गाळपाचा हंगाम चालू असेतो त्यांच्या कोयत्याला वाराची सुटी नसते. यहुद्यांच्या धर्मग्रंथात शब्बाथची आज्ञा गड्यालाही आहे, मोलकरणीलाही आहे, गुराढोरांनाही आहे. आमच्या जिल्ह्यातील फडात बैलालाही ती नाही. लोखंड्यांचा रविवार अजून त्या फडापर्यंत पोहोचलेला नाही, ही गोष्ट त्या मुलांना शाळेने नाही तर कोणी सांगावयाची?

म्हणून आमचे म्हणणे असे की, रविवारी सायंकाळचा एक तास शाळेने राखून ठेवावा. वंदना व पंचशील व्हावे, आणि मग मुलांना बोलू द्यावे: आठवड्यात काय वाचले, आई कोणत्या कारखान्यावर आहे, घरून काही निरोप आला का. भाषण करणारा पाहुणा त्या तासाला बोलावू नये. शिक्षकांनी मोबाइल कार्यालयात ठेवून यावे. स्वयंपाकघरातील मावशींनाही त्या वेळी कामातून मोकळे करून आपल्यात बसवावे लागेल. भाकरी अर्धा तास उशिरा झाल्या तर मुले कुरकुर करणार नाहीत.