दिल्ली जवळ, लोहगाव लांब

पुणे ते दिल्ली हवाई अंतर साधारण 1,170 किलोमीटर. विमान सव्वादोन तासांत पोचवतं. आणि कुरुळी ते लोहगाव? पंचवीसेक किलोमीटर. पण कंपन्यांची शिफ्ट सुटताना निघालात, तर कधी कधी मोशीपर्यंतच तास जातो राव! म्हणून इथला माणूस दोन तासांच्या विमानासाठी चार तास आधी घर सोडतो.

खेडला होणारं विमानतळ 2016 मध्ये पुरंदरला गेलं. ज्यांच्या जमिनी वाचल्या ते खूश झाले, आणि त्यात त्यांचं काही चुकलं नाही. पण उद्या विमान पुरंदरहून उडायला लागलं, की आपल्याला पुणं ओलांडून सासवडकडे जायचंय. दिल्ली तेवढीच लांब राहील, वेळ वाढेल ती रस्त्यावर.

नाशिक फाटा ते खेड या 30 किलोमीटर उन्नत मार्गाला केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑगस्ट 2024 मध्ये मंजुरी दिली. खर्च 7,827 कोटी. व्हायलाच पाहिजे. पण तो पूर्ण होईपर्यंत काय? रस्त्याकडेला उभे राहणारे ट्रक-कंटेनर हलवायला तर कोटी लागत नाहीत ना! पोलीस आणि एमआयडीसीने शिफ्टच्या वेळेला तेवढं तरी करावं. पुढच्या ग्रामसभेत तसा ठराव मांडूया, या सगळ्यांनी.