सर्वांत लांब उडी आधी!

बालमित्रांनो, अ‍ॅटलास उघडा पाहू! समजा, तुमच्याकडे एका इंजिनाचं छोटंसं विमान आहे आणि त्यातून पृथ्वीप्रदक्षिणा करायची आहे. आखणी कुठून सुरू कराल? "आपल्या गावापासून!" असंच म्हणाल ना? पण थांबा. आधी शोधायचा तो वाटेतला सर्वांत लांब टप्पा, जिथं मध्ये उतरायला जमीनच नाही. तो जमला, तरच बाकीचे बेत!

अमेरिकेच्या जेरी मॉक यांचं उदाहरण घ्या. तीन मुलांची ही आई १९६४ साली एकटीनं विमानातून पृथ्वीप्रदक्षिणा करणारी पहिली महिला ठरली. विमान होतं सेसना १८०. १९ मार्चला कोलंबस शहरातून त्या निघाल्या. बर्म्युडा, कैरो, कराची, दिल्ली, कलकत्ता, बँकॉक, मनिला असे मुक्काम करत १७ एप्रिलला घरी परतल्या.

त्यांचा सर्वांत लांब टप्पा होता पॅसिफिक महासागरावरचा, होनोलुलू ते ओकलंड. अंतर सुमारे ३,९०० किलोमीटर! एवढं पेट्रोल नेहमीच्या टाकीत कसं मावणार? म्हणून विमानातल्या इतर खुर्च्या काढून तिथं जादा टाक्या बसवल्या होत्या.

आता थोडं गणित. विमानाचा वेग ताशी २४० किलोमीटर धरा. हा टप्पा सव्वासोळा तासांत संपेल. पण समोरून ताशी ४० किलोमीटरचा वारा आला तर? वेग उरला २००, म्हणजे साडेएकोणीस तास लागणार. सव्वातीन तासांचं पेट्रोल जास्तीचं हवं. ते नसेल, तर खाली नुसता समुद्र! म्हणून हवामानाचा अंदाज पाहिल्याशिवाय निघायचंच नाही.

शिवाय प्रत्येक देशाची परवानगी आधी काढावी लागते. एवढं करूनही मॉकबाई कैरोचा विमानतळ समजून इजिप्तच्या भलत्याच लष्करी तळावर उतरल्या! चौकशी झाली आणि मग त्यांना जाऊ दिलं.

आता तुमची पाळी. विमानात २० तासांचं पेट्रोल आहे. त्यातलं २ तासांचं राखून ठेवायचं. वारा अजिबात नाही. मग निघाल्यापासून किती तासांच्या आत माघारी वळलं, तर सुखरूप घरी पोहोचाल? आधी स्वतः सोडवा, मग आईबाबांना विचारा. बघू या, कोणाचं विमान समुद्रात पडतं ते!